फूलबागेच्या पटावरून कमी झालेले

ग्वाल्हेरच्या फूलबागेतले प्राणिसंग्रहालय १९२२ साली माधवराव महाराज शिंदे यांनी सुरू केले. ते सुमारे आठ हेक्टरांवर आहे, त्याची व्यवस्था ग्वाल्हेर नगर निगम पाहते, आता त्याला गांधी प्राणी उद्यान म्हणतात आणि तिथला पांढरा वाघ हे त्याचे मोठे आकर्षण आहे. संस्थेचा परिचय म्हणून जे छापले जाते ते साधारण एवढ्यात आटोपते. त्यात खोटे काही नाही. मात्र तो सगळा आलेल्यांचा आणि असलेल्यांचा हिशेब आहे. गेले कोण, कुठे गेले, का गेले, याला त्यात जागा नसते. शंभरी ओलांडलेल्या संस्थेच्या बाबतीत हे उफराटे म्हणायला हवे, कारण शंभर वर्षांत तिच्या आवारात वावरलेल्यांपैकी आज हयात आणि हजर असलेले मूठभर, बाकी सगळे माजी. प्राणिसंग्रहालयाचा इतिहास मुख्यतः या माजी मंडळींचा असतो आणि त्यांच्यातल्या ज्यांचा माग सुटला त्यांची नोंद घेतल्याशिवाय तो लिहिता येत नाही, असे स्मरणिकेतल्या या लेखाचे म्हणणे आहे. माजी मंडळींत जनावरे आली, त्यांना सांभाळणारे आले, आणि ज्यांना सहसा कोणी मोजत नाही ते नेमाने येणारे शौकीनही आले. ठरल्या वारी ठरल्या पिंजऱ्यापाशी उभे राहणारे, यंदा सांबराची शिंगे लवकर गळली की उशिरा हे सांगू शकणारे, तिकिटापलीकडे संस्थेशी कागदोपत्री काहीही नाते नसलेले असे लोक प्रत्येक प्राणिसंग्रहालयाला असतात, आणि एक दिवस ते यायचे थांबतात.

स्थापनेचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात. फेब्रुवारी १९२२मध्ये इंग्लंडचे युवराज एडवर्ड ग्वाल्हेरला आले आणि त्यांच्या स्वागताच्या निमित्ताने फूलबागेचे उद्घाटन झाले. एकाच बागेत गोपाळ मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज, आणि जवळच जनावरांचे पिंजरे, अशी ती मांडणी होती. जेवणाच्या टेबलावरून चांदीची छोटी आगगाडी फिरवणाऱ्या राजाला ती शोभूनही दिसते. पण याच माधवरावांनी वाघाच्या शिकारीवर एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले होते, आणि आपल्या काळच्या नामांकित शिकाऱ्यांत त्यांची गणना होई. मराठी सरदारांकडे जनावरे पाळण्याची जी रीत होती ती पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या पेशव्यांच्या शिकारखान्यापासून चालत आलेली. जनावर मारण्याचे ज्ञान आणि जनावर जगवण्याचे ज्ञान या रीतीत एकाच खात्यात नांदत असे. माहूत, चित्तेवान, हाकारे, बाजदार यांना जनावराचा आजार, भूक आणि राग कळत असे, कारण त्यांचे पोट त्यावर अवलंबून होते. फूलबागेतला पिंजरा ही नवी वस्तू होती, ती सांभाळण्याचे कसब मात्र जुन्याच लोकांचे असणार. संस्थापकाचे नाव शिलालेखावर जाते. या लोकांचे कसब कुठे गेले, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. संस्थापकही फार काळ राहिले नाहीत. १९२५च्या जूनमध्ये माधवराव पॅरिसमध्ये वारले, गादीवर आलेले जिवाजीराव तेव्हा नऊ वर्षांचेही नव्हते आणि १९३६पर्यंत राज्याचा कारभार रीजन्सीकडे राहिला. संस्था वयाच्या चौथ्या वर्षी पोरकी झाली असे म्हटले तर फार वावगे होणार नाही.

गेलेल्यांची नोंद नसली की काय होते याचा ग्वाल्हेरच्या घरचाच दाखला आहे. मध्य भारतातले अखेरचे सिंह १८७०च्या दशकात गुना गावाच्या बाजूला मारले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी, लॉर्ड कर्झन यांच्या सल्ल्यावरून, माधवरावांनी ती उणीव भरून काढायचे मनावर घेतले. गीरचे सिंह मिळेनात, म्हणून आफ्रिकेतून आणवले. कुनोच्या रानात डोब कुंडाला उंच भिंतींच्या आवारात ते वाढवले आणि पुढे मोकळे सोडले. त्यांनी गुरे मारली, माणसे मारली. काही पुन्हा पकडले गेले, बहुतेक गोळीला बळी पडले. एवढे सर्वांना मान्य आहे. पण किती सिंह जहाजात चढले, किती वाटेत दगावले, किती सोडले आणि शेवटचा कुठे पडला, हे आकडे लेखकागणिक बदलतात. एका दरबाराने खजिन्यातून खर्च करून केलेला, व्हाइसरॉयच्या शब्दाने सुरू झालेला प्रयोग, आणि त्याची अखेर दंतकथेत. याच कुनोत १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते आणले गेले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा. प्रत्येकाच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता आणि लोकांच्या तोंडी त्यांची नावे होती. मार्च २०२३मध्ये साशा नावाची मादी मूत्रपिंडाच्या आजाराने दगावली तेव्हा ती बातमी देशभर छापून आली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मृत्यूवर वाद झाले. चित्त्यांचा प्रयोग फसला की साधला हा वेगळा विषय आहे. पण तो कसा आणि कुठे फसला किंवा साधला हे शंभर वर्षांनीही सांगता येईल. सिंहांच्या प्रयोगाबद्दल ते सांगता येत नाही, आणि म्हणून त्यातून शिकताही आले नाही.

हे दुर्लक्ष फक्त आपल्याकडचे आहे असे समजण्याचे कारण नाही. १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात क्वागा नावाची, अर्ध्या अंगावर पट्टे असलेली झेब्र्याच्या जातीची एक मादी मेली. ती पृथ्वीवरची शेवटची क्वागा होती हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आले नाही. त्याहून बोलके उदाहरण टास्मानियाचे. होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबर १९३६च्या रात्री थायलसीन, म्हणजे टास्मानियन वाघ, या जातीतला अखेरचा ज्ञात प्राणी मेला. त्याला कायद्याचे संरक्षण मिळून जेमतेम दोन महिने झाले होते. पुढे १९६८ साली एका गृहस्थाने आपण तिथे रखवालदार होतो असे सांगून त्या प्राण्याचे नाव बेंजामिन असल्याचे जाहीर केले. त्या काळी प्राणिसंग्रहालयाशी प्रत्यक्ष संबंध असलेल्यांनी हे नाकारले. तरी नाव चिकटले ते चिकटलेच, आणि जगभरच्या पुस्तकांत गेले. डिसेंबर २०२२मध्ये टास्मानियाच्या संग्रहालयाने जाहीर केले की त्या अखेरच्या प्राण्याचे अवशेष त्यांच्याच इमारतीतल्या एका कपाटात इतकी वर्षे पडून होते आणि तो प्राणी म्हातारी मादी होता. तिला फासा लावून पकडले होते. तसे पकडणे बेकायदा असल्यामुळे तिच्या खरेदीची वाच्यता झाली नव्हती, आणि मेल्यावरही तिची नीट नोंद झाली नाही. शाळांना दाखवण्यासाठी तिचे कातडे गावोगाव फिरवले गेले. ते कोणाचे आहे हे फिरवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. गेलेल्याची खरी नोंद नसली की जागा रिकामी राहत नाही, तिथे बेंजामिन येऊन बसतो. कुनोच्या सिंहांबाबत हेच घडले आहे, आणि फूलबागेबद्दल लिहिताना ही धास्ती बाळगली पाहिजे.

याच्या उलट, नोंद ठेवली तर काय होते? युरोपातला रानगवा, ज्याला तिकडे विसेंट म्हणतात, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत पोलंडच्या रानातून नाहीसा झाला आणि १९२७पर्यंत कॉकेशसमधूनही संपला. उरले ते प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी बागांत विखुरलेले पन्नासेक. १९२३ साली एक मंडळ स्थापन झाले, त्याने एकेक जनावर हुडकून त्याची वंशावळ लिहून काढली, आणि १९३२ साली त्यांची पोथी छापली गेली. रानगवा पुन्हा रानात गेला तो या पोथीच्या आधारावर. आपल्याकडे कलकत्त्याच्या अलीपूर बागेत रामब्रह्म सन्याल या गृहस्थांनी अगदी खालच्या जागेवरून काम सुरू केले, ते त्या बागेचे पहिले भारतीय अधीक्षक झाले आणि रोजच्या नोंदींतून त्यांनी १८९२ साली प्राणी सांभाळण्यावरचे पुस्तक इंग्रजीत लिहिले. १८८९ साली अलीपूरला सुमात्रन गेंड्याचे पिल्लू जन्मले होते. त्यानंतर पिंजऱ्यात गर्भधारणेपासून वाढलेले असे पिल्लू जन्मायला २००१ साल उजाडावे लागले, तेही अमेरिकेत सिनसिनाटीला. मधली ११२ वर्षे ही माहिती टिकून राहिली ती एका माणसाला रोज लिहायची सवय होती म्हणून. आणि त्याच अलीपूरला अद्वैत नावाचे कासव २००६ साली मेले, ते रॉबर्ट क्लाइव्हच्या काळचे आणि अडीचशे वर्षांचे असल्याचे सांगितले जाई. ते खरेही असेल. पण बागेत येण्यापूर्वीचा कागद नसल्यामुळे ते कायम ‘सांगितले जाई’ याच सदरात राहणार.

फूलबागेतल्या पांढऱ्या वाघालाही हेच लागू आहे. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतल्या बहुतेक पांढऱ्या वाघांची वंशावळ १९५१ साली रीव्याच्या रानात महाराजा मार्तंडसिंह यांनी पकडलेल्या मोहन या एका नरापर्यंत जाते. १९५८ साली मोहन आणि त्याचीच मुलगी राधा यांना चार पांढरे बछडे झाले. पुढे त्यांच्या पिढ्यांत दोष दिसू लागले तेव्हा त्यांचा संबंध जवळच्या नात्यातल्या संकराशी लावता आला, कारण कोण कोणाचा हे लिहिलेले होते. तिकीट काढून पांढऱ्या वाघापुढे उभा राहणारा माणूस ज्या नवलाकडे पाहतो, त्यामागे अशी एक अवघड कौटुंबिक कहाणी आहे. ती पिंजऱ्यावरच्या पाटीवर लिहावी असे मला फार वाटते, पण तो आजचा विषय नव्हे.

जनावरांच्या बाबतीत भारतात आता बरीच शिस्त आली आहे, हे मान्य केले पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आले. मान्यताप्राप्त संग्रहालयाला दरवर्षी तक्ता भरावा लागतो. वर्षारंभीची संख्या, जन्म, बाहेरून आलेले, बाहेर दिलेले, मेलेले, वर्षअखेरची संख्या. किराणा दुकानाच्या खतावणीसारखा हा कोरडा कागद आहे, पण त्यात बाहेर दिलेल्यांना आणि मेलेल्यांना आलेल्यांइतकाच मान आहे. संगणकावर वंशावळ्या ठेवणाऱ्या संग्रहालयांच्या जागतिक व्यवस्थेत तर ज्या जनावराचे पुढे काय झाले कळत नाही, त्यासाठीसुद्धा वेगळी खूण आहे. ते मेले असे धरत नाहीत, जगले असेही धरत नाहीत. माग सुटला, एवढेच प्रामाणिकपणे लिहितात आणि कोणत्या तारखेपर्यंत माग होता तेही लिहितात. मला ही खूण फार शहाणपणाची वाटते. १९२२ आणि १९९२ यांच्यामध्ये सत्तर वर्षे जातात. त्या सत्तर वर्षांतल्या फूलबागेच्या जनावरांना ही खूण आपण आज लावली तरी उशीर झालेला नाही.

माणसांना मात्र असा तक्ता नाही, आणि माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. प्राणिप्रेमी मंडळींच्या संस्थांमध्ये माणसे किती सहज हरवतात याचा दाखला मराठी माणसांनी विसरू नये असा आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी, म्हणजे ॲम्स्टरडॅमची क्वागा मेली त्यानंतर महिनाभराने, मुंबईत भायखळ्याच्या म्युझियममध्ये, राणीबागेच्या अंगणातच म्हणा ना, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठांपैकी सहा इंग्रज आणि दोघे मराठी डॉक्टर: आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि सखाराम अर्जुन राऊत. आज आत्माराम पांडुरंगांचे नाव निघते ते प्रार्थना समाजाचे एक संस्थापक म्हणून. सखाराम अर्जुनांचे नाव निघते ते रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून, त्या गाजलेल्या खटल्याच्या संदर्भात. सखाराम अर्जुन वनस्पतींचे जाणकार होते, मुंबईच्या औषधी द्रव्यांवर त्यांनी १८७९ साली पुस्तक लिहिले होते, हे वैद्यकाच्या इतिहासाचे अभ्यासक सोडले तर कोणाच्या गावी नसते. यामागे कोणाचा दुष्टावा शोधण्याची गरज नाही. एक साधे कारण कालक्रमात आहे. सखाराम अर्जुन १८८५ साली वारले आणि सोसायटीचे नियतकालिक १८८६च्या जानेवारीत निघू लागले. संस्थेने लिहायला सुरुवात केली तेव्हा तिचा एक संस्थापक आधीच गेला होता. उलट त्याच सोसायटीच्या कार्यालयात १८९४पासून १९२०पर्यंत विल्यम नावाचा एक धनेश पक्षी राहिला. त्याच्या खोड्या, त्याचे खाणे, त्याचा चेंडू झेलण्याचा छंद, सगळे लिहिलेले आहे, आणि पुढे संस्थेच्या बोधचिन्हावर धनेशच आला. धनेशाचा मी हेवा करत नाही. पक्ष्याला चरित्र आणि संस्थापकाला तळटीप, ही विभागणी कशी होते एवढेच दाखवायचे आहे: ज्याच्यासमोर लेखणी चालू होती तो राहिला.

आता ग्वाल्हेर. फूलबागेच्या भोवती जो शौकिनांचा गोतावळा जमला असेल तो का पांगला हे समजायला शहराचा इतिहास पुरेसा आहे. १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि दरबाराचे नोकर सरकारी नोकर झाले. काही वर्षे ग्वाल्हेर ही मध्य भारताची हिवाळी राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि कचेऱ्यांबरोबर कारकून, हिशेबनीस, अधिकारी आणि त्यांची बिऱ्हाडे हलली. महालेखाकारांसारखी काही कार्यालये ग्वाल्हेरच्या वाट्याला आली खरी, पण लष्कर या शहराच्या भागातल्या कित्येक मराठी घरांतली पुढची पिढी भोपाळ, इंदूर, पुणे, मुंबई अशी गेली. १९२१ साली सुरू झालेली जियाजीराव कापड गिरणी १९९०च्या दशकात बंद पडली, आणि बिर्लानगरच्या हजारो कामगार कुटुंबांचे रविवार बदलले. बाड्यावरून, चिटणीसांच्या गोठेतून, कंपूतून, अशा वस्त्यांतून पायी फूलबागेला येणारा माणूस भोपाळला गेला तेव्हा त्याने राजीनामा दिला नाही, कारण त्याचे सभासदत्वच कोणी लिहिले नव्हते. फाटकावरच्या माणसाला एवढेच दिसले असेल की अमुक एक जण बरेच दिवस आला नाही. प्राणिसंग्रहालयाची वार्षिक तिकीटविक्री वाढत असतानाही त्याचे जाणकार असे एकेक करून कमी होत जातात, आणि आकड्यांत ते कधीच दिसत नाही.

फूलबागेतच मोजणीची दुसरी रीतही चालू आहे, तिच्याकडे जरा पाहावे. गोपाळ मंदिरातल्या राधाकृष्णाचे शिंदेकालीन रत्नजडित दागिने जन्माष्टमीला बँकेच्या लॉकरमधून पोलीस बंदोबस्तात काढले जातात, यादीप्रमाणे मोजले जातात, देवाला चढवले जातात आणि पुन्हा मोजून लॉकरमध्ये जातात. हे सगळे नगर निगमाच्या देखरेखीखाली होते. एकही पाचू इकडचा तिकडे झाला तर गहजब होईल, आणि तो व्हायलाच हवा. त्याच बागेत, त्याच निगमाच्या व्यवस्थेखाली, माणसांच्या आठवणींचा साठा दर वर्षी थोडा थोडा कमी होतो. त्याची किंमत कोटींत सांगता येत नाही एवढाच काय तो फरक.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल की प्राणिसंग्रहालय ही सार्वजनिक बाग आहे, ती काही सभासदांची संस्था नव्हे, मग तिकीट काढून येणाऱ्याला ‘माजी सभासद’ म्हणायचे कशाला? कायद्याच्या भाषेत आक्षेप बरोबर आहे. पण अलीपूरच्या नोंदवहीसारखा रोजचा कागद जिथे नसतो तिथे संस्थेची स्मृती नोकरांच्या आणि नेहमीच्या येणाऱ्यांच्या डोक्यातच साठते, आणि नोकर बदलीने किंवा निवृत्तीने जातात. कोणता पिंजरा कधी हलवला, हत्ती कोणत्या साली होता, पाणपक्ष्यांचे तळे आधी कुठे होते, अशा प्रश्नांना उत्तर देणारा माणूस बहुधा बिनपगारी असतो. हक्क नसला तरी उपयोग आहे, आणि इतिहास उपयोगावर लिहिला जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गेलेल्या माणसाला शोधू नये, जाण्याचा हक्कही माणसाला असतो. कोणी आजारपणामुळे थांबतो, कोणी भांडून, कोणी नुसता कंटाळून. त्याच्या मागे लागून नाव छापणे हा आगाऊपणा होईल. मला हा आक्षेप बहुतांशी मान्य आहे. पण नाव छापणे आणि नोंद घेणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. ज्याला नाव नको असेल त्याची नोंद नावाशिवाय घ्यावी: अमुक सालापासून अमुक सालापर्यंत येत होते, हरणांच्या कळपाची माहिती असे, पुढे येणे बंद. यात कोणाचे काही उघड होत नाही आणि संस्थेला मात्र कळते की एका विशिष्ट काळी अशा प्रकारची माणसे एकदम कमी झाली. आणि येण्याचे का थांबवले हे सांगायला जो तयार असेल, त्याचे तर आपण आभारच मानले पाहिजेत. प्राणिसंग्रहालयांवर प्रेम करणाऱ्यांपैकी काही जण पिंजरे पाहवेनात म्हणून थांबले आहेत, हे सर्वांना माहीत असूनही कोणी लिहीत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर जनावराकडे पाहण्याची दृष्टी बदलत गेली. पुण्यात १९५३ सालचे पेशवे पार्क शहराच्या गर्दीत अपुरे ठरले आणि १९९९ सालापासून जनावरे कात्रजला हलवली गेली. असे बदल वरून हुकूम आल्याने होतात असे आपण मानतो. त्याआधी कित्येक वर्षे काही जाणते लोक गप्पपणे यायचे थांबलेले असतात. जाणारा माणूस हा संस्थेचा सर्वांत खरा टीकाकार असतो, कारण त्याला आता तिच्याकडून काही नको असते.

यावरूनच तिसऱ्या आक्षेपाचेही उत्तर मिळते. काहींना वाटेल की हे सगळे संस्थानी काळाचे उमाळे आहेत, लष्करातल्या मराठी वाड्यांचे स्मरणरंजन आहे. तसे होण्याचा धोका आहे खरा, कारण स्मरणिका हा प्रकारच तसा आहे. पण पट पुरता लिहिला तर त्यात सरदारच येणार नाहीत. मांस तोडून देणारा येईल, गवताची गाडी आणणारा येईल, गिरणीतून रविवारी मुलांना घेऊन येणारा येईल, आणि कुनोच्या गावांत ज्यांची माणसे त्या आफ्रिकन सिंहांनी मारली तेही खरे तर या इतिहासाचे धनी आहेत. राजाच्या हौसेची किंमत कोणी दिली, हे अशा पटावरूनच कळते. नुसत्या संस्थापकाच्या चरित्रावरून स्मरणरंजन होते, पटावरून होत नाही.

पैशाचा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो. जनावरांच्या खुराकाला आणि औषधाला पैसा अपुरा असताना माणसांच्या याद्या कसल्या करता, असे कोणी म्हणेल. यादीला एक वही, एक कपाट आणि एक चिकाटीचा माणूस लागतो. वाघाच्या एका दिवसाच्या मांसाहून तिचा खर्च जास्त होणार नाही.

वही कशी असावी हे ठरवायला वेगळी समिती नको. प्राधिकरणाच्या तक्त्याचे रकाने आहेतच, तेच माणसांना लावावेत: कधीपासून, कोणत्या नात्याने, कोणते जनावर किंवा कोणती जागा ठाऊक होती, कधी गेले, कुठे गेले, आणि कळत नसेल तर ‘माग सुटला’ आणि त्याआधीची शेवटची माहीत असलेली तारीख. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून लिहावी, सांगणाराचे नाव लिहावे, आणि दोघांनी वेगवेगळे सांगितले तर दोन्ही ठेवावे. नाहीतर आपल्याकडेही एखादा बेंजामिन तयार होईल. जुन्या नोकरांच्या घरी दरबाराचे दाखले, बढतीचे हुकूम, मोडीतली पत्रे असतील. ती रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे तरी काढून घ्यावीत. मोडी वाचणारे लोकही ग्वाल्हेरमध्ये दिवसेंदिवस कमी होत आहेत, तेव्हा हे काम पुढच्या स्मरणिकेवर टाकण्यात अर्थ नाही.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्यांच्यापैकी काहींच्या घरी फूलबागेतले एखादे छायाचित्र असेलच: हत्तीपुढे उभी मुले, जाळीमागे धूसर वाघ, कोपऱ्यात पाठमोरा रखवालदार. ते संस्थेकडे द्यावे, किंवा त्याची प्रत द्यावी. मागे साल लिहावे, साल नक्की नसेल तर ‘अंदाजे’ असे लिहावे. छायाचित्रातल्या मुलांची नावे आपल्याला आठवतातच, ती घरच्या अल्बमात राहिली तरी चालतील. जाळीजवळच्या रखवालदाराचे नाव कोणाला आठवत असेल तर ते आधी लिहावे.